पत्ता बदलणाऱ्या लाईनवरचा मेल सर्व्हर : सांगली मार्केट यार्डातल्या एका पेढीचं प्रकरण

पेढी ओळखू येऊ नये म्हणून माणसांची नावं आणि काही बारीक तपशील बदलले आहेत. तांत्रिक बाजू आणि निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. या कामात मी पहिल्यापासून होतो, त्यामुळे जिथे चुकलं तिथे बहुतेक वेळा मीच चुकलेलो आहे.

पार्श्वभूमी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि बेदाण्याची अडत करणारी ही जुनी पेढी. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. हिशेब, पट्ट्या आणि पत्रव्यवहार बघणारे दिवाणजी म्हणजे आप्पा. फेब्रुवारीपासून राजापुरी हळदीची आवक वाढते, त्याच सुमाराला तासगाव भागातला बेदाणाही सौद्याला येऊ लागतो. त्या तीन-चार महिन्यांत पेढीतून रोज दीडशेच्या आसपास मेल बाहेर जातात: नमुन्याचे फोटो, वजनाच्या पावत्या, बिलं, गाडी सुटल्याचा निरोप. व्यापारी इंदूर, दिल्ली, कोची आणि मुंबईचे. बोलणी फोनवर होतात, पण पक्का शब्द मेलवरच येतो. चौदा जणांच्या मेलपेट्या पेढीच्या स्वतःच्या डोमेनवर (मेल पत्त्यातलं @ नंतरचं नाव) आहेत.

हा मेल पूर्वी वेबसाईटच्या पॅकेजसोबत मिळालेला होता. २०२१ मध्ये नूतनीकरणाची सूचना नोकरी सोडून गेलेल्या एका माणसाच्या पेटीत जात राहिली. मुदत संपली, खातं बंद झालं आणि सहा वर्षांचा पत्रव्यवहार गेला. त्याआधी २०१९ च्या महापुरात गणपती पेठेतल्या जुन्या गोदामात पाणी शिरून वह्यांचे गठ्ठे लगदा झाले होते. दोन्ही वेळा गेले ते कागदच. त्यामुळे २०२२ च्या दिवाळीनंतर अण्णांनी मला बोलावलं तेव्हा त्यांची मागणी एका वाक्यात होती : "सर, आपली पत्रं आपल्या दुकानात पाहिजेत. वह्या असतात तशी."

मी मान हलवली. या मागणीचे दोन अर्थ निघू शकतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. त्याबद्दल शेवटी लिहितो.

दुकानात आठ जीबी मेमरीचा एक जुना डेस्कटॉप पडून होता. त्यावर डेबियन (लिनक्सची एक आवृत्ती) टाकलं, पत्रांची ने-आण करायला पोस्टफिक्स आणि पेट्या सांभाळायला डव्हकॉट. दोन्ही मोफत, वर्षानुवर्षं घासून तयार झालेली सॉफ्टवेअर. यंत्र माळ्यावर, पाण्याच्या पातळीपासून वर ठेवलं. हा एक निर्णय मात्र पहिल्याच दिवशी बरोबर घेतला गेला.

अडचण पहिली : पत्ता आपला आहे का?

मेल सर्व्हरला इंटरनेटवर पत्ता लागतो, आयपी पत्ता. जुन्या पद्धतीचे हे पत्ते जगात एकूण सुमारे ४२९ कोटी. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकचा मोकळा साठाही संपत आला. तेव्हापासून इंटरनेट देणाऱ्या कंपन्या दोन मार्गांनी भागवतात. एक म्हणजे ग्राहकाला जोडणी असेपर्यंत पत्ता द्यायचा आणि जोडणी तुटली की तो दुसऱ्याला द्यायचा. दुसरा म्हणजे शेकडो ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता द्यायचा.

दुकानातली केबलवाल्याची लाईन दुसऱ्या प्रकारची होती. हे ओळखायला सोपं आहे, तरी मला दोन दिवस लागले. राउटरमध्ये दिसणारा पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर ती सामायिक पत्त्यासाठी राखून ठेवलेली पट्टी असते. अशा लाईनवर बाहेरून कोणी तुमचं दार ठोठावूच शकत नाही. तुम्ही राउटरमध्ये कितीही पोर्ट, म्हणजे क्रमांक दिलेली दारं, उघडा, वरचा दरवाजा कंपनीच्या हातात असतो.

मग दुसऱ्या कंपनीची फायबर लाईन घेतली. तिचा पत्ता खरा होता, पण बदलता. लाईट गेली, राउटर बंद-चालू झाला किंवा कंपनीकडे काही काम निघालं, की नवा पत्ता. स्टॅटिक, म्हणजे कायम तोच राहणारा, पत्ता फक्त व्यावसायिक योजनेत मिळायचा आणि तिचं भाडं साध्या योजनेच्या तिपटीहून जास्त होतं. अण्णांनी विचारलं, "त्याशिवाय चालत नाही का?" मी म्हणालो, चालतं.

पहिली मांडणी आणि पहिले धडे

बाहेरचा सर्व्हर आपल्याकडे पत्र टाकताना आधी डोमेनची एमएक्स नोंद बघतो. त्यात एक नाव असतं. त्या नावाचा पत्ता काढून तो आपल्या २५ क्रमांकाच्या पोर्टवर येतो. पत्ता बदलला की ती नोंद बदलायची, एवढंच काम. मी एका मोफत सेवेचं, बदलत्या पत्त्यामागे आपोआप जाणारं नाव घेतलं, पेढीच्या डोमेनमध्ये मेलसाठी एक टोपणनाव करून ते तिकडे वळवलं आणि एमएक्समध्ये ते टोपणनाव लिहिलं.

बहुतेक पत्रं आली, काही ठिकाणची आली नाहीत. कारण शोधताना कळलं की एमएक्समधलं नाव थेट पत्त्याचं असावं लागतं, टोपणनाव चालत नाही, हा जुना नियम आहे. पुष्कळ सर्व्हर दुर्लक्ष करतात, काही करत नाहीत. आठवड्यानंतर मी डीएनएसमधली, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतली, नोंद थेट बदलणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती दर पाच मिनिटांनी स्वतःचा बाहेरचा पत्ता बघायची आणि बदलला असेल तर नोंद बदलायची. नोंदीचा टीटीएल, म्हणजे दुसऱ्यांनी ती किती वेळ लक्षात ठेवायची ती मुदत, ३०० सेकंद ठेवला. कंपनीच्या राउटरमध्ये ही सोय नव्हती, म्हणून स्क्रिप्ट माळ्यावरच्या यंत्रातच बसवली. ही गोष्ट पुढे नडली.

जाणाऱ्या मेलचं तर पहिल्याच दिवशी बिनसलं. दिल्लीला पाठवलेलं बिल पाच मिनिटांत परत आलं. घरगुती आणि बदलत्या पत्त्यांच्या पट्ट्यांच्या याद्या असतात. स्पॅमहाऊस या संस्थेची पीबीएल ही त्यातली सगळ्यांत ठाऊक असलेली. या यादीत असणं म्हणजे तुम्ही काही वाईट केलं असं नव्हे. या पत्त्यावरून थेट मेल येणं अपेक्षित नाही, एवढाच तिचा अर्थ. विषाणू लागलेले घरगुती कॉम्प्युटर लाखोंनी फसव्या मेल ओततात, त्याला घातलेला हा बांध आहे आणि तो मला योग्यच वाटतो. शिवाय पत्त्यावरून नाव सांगणारी उलटी नोंद, पीटीआर, ही पत्ता ज्याच्या मालकीचा त्यालाच करता येते. आमच्या पत्त्याच्या उलट्या नोंदीत कंपनीचं लांबलचक आकड्यांचं नाव होतं आणि ते बदलणं आमच्या हातात नव्हतं.

इथे मला एक गोष्ट नीट उमगली. येणारा मेल आणि जाणारा मेल हे दोन वेगळे प्रश्न आहेत. येणाऱ्यासाठी फक्त दार सापडायला हवं. जाणाऱ्यासाठी समोरच्यानं आपल्यावर विश्वास ठेवायला हवा आणि बदलत्या पत्त्यावर तो कधीच बसत नाही. पुढे फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलनं तर नियमच केला : कोणीही पाठवणारा असो, एसपीएफ (डोमेनच्या नावानं कोणी मेल पाठवायचा ते सांगणारी नोंद) किंवा डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही) हवं, पत्त्याच्या सरळ आणि उलट्या नोंदी जुळायला हव्यात आणि जोडणी टीएलएसनं बंदिस्त हवी.

म्हणून सुरुवातीलाच जाणारा मेल रिले सेवेकडे, म्हणजे आपल्या वतीनं पत्रं पोचवणाऱ्या कंपनीकडे, सोपवला. पोस्टफिक्समध्ये रिलेहोस्टची ओळ, ५८७ पोर्ट, नाव आणि पासवर्ड. सही आमच्या डीकेआयएमची, पोचवायचं काम त्यांच्या स्थिर पत्त्यांचं. एसपीएफ नोंदीत त्यांचं नाव घातलं. ही मांडणी आजतागायत बदललेली नाही. पुढचं वर्षभर सगळं सुरळीत चाललं आणि मी निश्चिंत झालो.

मार्चमधली रात्र

मार्च २०२४. हंगाम भरात. संध्याकाळी वळवाचा पाऊस आला, वारा सुटला आणि यार्डातली लाईट गेली. इन्व्हर्टरची बॅटरी जुनी होती, तासाभरात बसली. यंत्र बंद, राउटर बंद. दुकान तोवर बंद झालेलंच होतं. रात्री लाईट आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांचा फोन. "सर, इंदूरवाल्याची मेल आलीच न्हाई. तो म्हणतोय, तुमची मेल बंद झालीया काय? दोन गाड्यांचं पक्कं करून रात्रीच पाठवलीया म्हणतोय."

मी लांबून सर्व्हरचा लॉग, म्हणजे त्याची नोंदवही, बघितला. इंदूरचं नावसुद्धा नाही, नाकारल्याचीही नोंद नाही. मला वाटलं व्यापाऱ्याचीच चूक. मी तसं बोललोही, पुरावा बघण्याआधी. ते बोलायला नको होतं.

आप्पांनी वाद घातला नाही. त्यांनी व्यापाऱ्याकडून परत आलेला निरोप मागवला आणि मला पाठवला. त्यात तीन गोष्टी होत्या : वेळ रात्री सव्वानऊची, उत्तराचा आकडा ५५४, आणि ज्या यंत्रानं ते उत्तर दिलं त्याचा आयपी पत्ता. पत्ता ओळखीचा होता. आदल्या संध्याकाळपर्यंत तो आमचा होता.

संध्याकाळी दुकानात जाऊन राउटर उघडला. रात्री ८ वाजून ५२ मिनिटांनी तो सुरू झाला होता आणि त्याला नवा पत्ता मिळाला होता. स्क्रिप्टच्या लॉगमध्ये मात्र नव्या पत्त्याची नोंद दुसऱ्या दिवशी सकाळी ९.४० ची. मधले जवळजवळ तेरा तास डीएनएसमध्ये जुनाच पत्ता. असं का, ते दुकान झाडणाऱ्या पोरानं सहज बोलता बोलता सांगितलं : "वरचं मशीन बंद होतं, मी सकाळी बटण दाबलं." लाईट आल्यावर यंत्रानं आपोआप सुरू व्हावं ही बायोसमधली (यंत्राच्या मूळ सेटिंगांमधली) खूण मी कधी लावलीच नव्हती. राउटर उठला, यंत्र झोपून राहिलं, आणि पत्ता बदलल्याचं जगाला सांगणारी स्क्रिप्ट त्या झोपलेल्या यंत्रात होती.

तरीही एक कोडं उरत होतं. यंत्र बंद असेल तर मेल हरवायला नको. मेलची जुनी नियमावली या बाबतीत फार शहाणी आहे. समोरचा सर्व्हर सापडला नाही, तर पाठवणाऱ्यानं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, साधारण अर्ध्या तासाच्या किंवा त्याहून जास्त अंतरानं, आणि चार-पाच दिवसांआधी हार मानायची नाही. म्हणजे रात्रभर लाईट नसली तरी सकाळी सगळी पत्रं आपसूक यायला हवीत. याच भरवशावर मी अण्णांना "स्टॅटिकशिवाय चालतं" म्हणालो होतो.

भरवसा खरा होता, पण त्याला एक अट होती. जुन्या पत्त्यावर कोणीही नसायला हवं. त्या रात्री आमचा सोडलेला पत्ता त्याच कंपनीच्या दुसऱ्या कुठल्या तरी ग्राहकाला मिळाला आणि त्याच्याकडे २५ क्रमांकाच्या पोर्टवर उत्तर देणारं काहीतरी चालू होतं. इंदूरच्या सर्व्हरनं तिथे पेढीचं नाव सांगितलं. त्या यंत्रानं, त्याच्या जागी अगदी बरोबर, सांगितलं की या डोमेनचा मेल मी घेत नाही. मेलच्या भाषेत ४ नं सुरू होणारं उत्तर म्हणजे "नंतर ये" आणि ५ नं सुरू होणारं म्हणजे "पुन्हा येऊ नकोस". ५५४ मिळताच इंदूरच्या सर्व्हरनं पत्र परत केलं.

त्या रात्री एकूण किती पत्रं अशी परतली ते कळायला मार्ग नाही, कारण ती आमच्या यंत्रापर्यंत आलीच नाहीत. आप्पांनी दोन दिवस बसून तीस-पस्तीस व्यापाऱ्यांना फोन केले. आणखी चार पत्रं निघाली. इंदूरच्या सौद्यात तोवर दर हलला होता. अण्णांनी आदल्या दिवशीचाच दर धरला आणि फरक पेढीनं सोसला.

मला रात्री झोप लागली नाही ती वेगळ्या विचारानं. ते यंत्र नकार देणारं होतं हे आमचं नशीब. येईल ते पत्र मुकाट घेणारं असतं, तर पाठवणाऱ्याला "पोचलं" असं दिसलं असतं आणि पेढीची बिलं, दर, बँकेचे तपशील कोणा अनोळख्याच्या यंत्रात जाऊन पडले असते. सर्व्हर-सर्व्हरमधली जोडणी बंदिस्त असली तरी बहुतेक पाठवणारे समोरच्याचं ओळख पटवणारं प्रमाणपत्र तपासून अडून बसत नाहीत, त्यामुळे तिथेही कोणी हटकलं नसतं. बंद दारासमोर टपालवाला थांबतो. दुसऱ्याच्या उघड्या दारात तो पत्र देऊन मोकळा होतो.

मी अण्णांना सगळं सांगितलं, बायोसच्या खुणेसकट. ते शांतपणे म्हणाले, "पैशाचं जाऊ द्या. पुन्हा पत्र दुसऱ्याच्या घरात जाणार नाही, एवढं बघा."

पर्याय

या वेळी मी लगेच कामाला लागलो नाही. आप्पांसोबत बसून कागदावर पर्याय लिहिले.

सर्वांत स्वस्त पर्याय होता तेच ठेवून डागडुजी करण्याचा : बायोसची खूण लावायची, नवी बॅटरी घ्यायची, टीटीएल ६० सेकंदांवर आणायचा. यानं तेरा तासांचे काही मिनिटं झाले असते. पण राउटर नवा पत्ता घेतो आणि नोंद बदलते, यात फट राहतेच. यंत्रच बिघडलं तर फट दिवसांची होते. मी आधी याच बाजूचा होतो, कारण माझं बांधलेलं मोडावं लागत नव्हतं. आप्पांनी विचारलं, "म्हंजे परत हुणारच न्हाई असं न्हाई की?" त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

स्टॅटिक पत्ता घेतला असता तर दुसऱ्याच्या दारात जाण्याचा धोका संपला असता. भाड्याचा फरक मार्चच्या नुकसानीसमोर फार मोठाही नव्हता. अडचण अशी की तो पत्ता त्या एका कंपनीशी, त्या एका तारेशी बांधलेला. रस्त्याच्या खोदाईत तार तुटली तर दुसऱ्या लाईनवर जाता येत नाही. तरीही ज्याला फार गुंतागुंत नको त्यानं आधी हाच पर्याय बघावा असं माझं मत आहे.

सगळं एखाद्या मोठ्या मेल सेवेकडे देऊन टाकायचं, हा तिसरा पर्याय. चौदा पेट्यांचं माणशी भाडं दर महिन्याला द्यायचं आणि काळजी सोडायची. कितीतरी पेढ्यांसाठी हेच योग्य आहे. अण्णांना २०२१ आठवत होतं, त्यांनी नको म्हटलं.

उरला तो दार बाहेर आणि घर आत असा. डेटा सेंटरमधला एक छोटा भाड्याचा सर्व्हर घ्यायचा, त्याचा पत्ता कायमचा. एमएक्स तिकडे दाखवायचा. तो पत्र घेतो, तपासतो आणि एका बंदिस्त टनेलमधून दुकानातल्या यंत्राकडे देतो. पेट्या दुकानातच. दुकानाचा पत्ता दिवसातून दहादा बदलला तरी फरक पडत नाही, कारण टनेलची सुरुवात दुकानातून होते. आतला माणूस बाहेर फोन लावतो, बाहेरच्याला आतला नंबर माहीत असण्याची गरज नसते.

हा चौथा निवडला. भाडं स्टॅटिकच्या जादा पैशांपेक्षा कमी पडलं.

प्रत्यक्ष काम

हंगाम चालू होता, म्हणून अण्णांनी एकच अट घातली : जे चालू आहे त्याला हात लावायचा नाही. मला जाणारा मेलही नव्या सर्व्हरवरून न्यायचा मोह होता. तो आवरला. नव्या पत्त्याची पत बसायला वेळ लागतो, आणि हळदीच्या ऐन सौद्यात बिलं स्पॅममध्ये पडली असती.

सर्व्हर घेतल्यावर पहिलं काम केलं ते मिळालेला पत्ता बदनाम पत्त्यांच्या याद्यांमध्ये तपासण्याचं. भाड्याच्या पत्त्याला आधीच्या भाडेकरूचा इतिहास असतो. पहिला पत्ता एका यादीत निघाला. मेल फक्त घ्यायचाच होता, तरी पुढेमागे उपयोग होईल म्हणून तो परत करून दुसरा घेतला. उलटी नोंद या वेळी आमच्या हातात होती, ती केली.

टनेलसाठी वायरगार्ड घेतलं. २०२० पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे आणि मांडणी वीस ओळींच्या आत बसते. दुकानाच्या बाजूला दर २५ सेकंदांनी एक कोरा निरोप पाठवायला सांगितलं, म्हणजे मधला राउटर जोडणी विसरत नाही.

दारावरच्या पोस्टफिक्सला दोन गोष्टी नीट सांगाव्या लागतात. पहिली, कोणत्या डोमेनचा मेल घ्यायचा आणि तो कुठे पुढे द्यायचा. दुसरी लोक नेहमी विसरतात : कोणकोणत्या पेट्या खऱ्या आहेत त्यांची यादी. यादी नसली तर दारावरचा सर्व्हर कुठल्याही नावाचं पत्र घेतो, आतला ते नाकारतो आणि मग पाठवणारा म्हणून ज्याचं नाव खोटंच वापरलेलं असतं त्या बिचाऱ्याला दारावरचा परतीची पत्रं पाठवत बसतो. त्यात निरपराध लोकांच्या पेट्या भरतात आणि आपला पत्ता बदनाम होतो. चौदा नावांची यादी हातानं लिहिली. माणूस बदलला की ती बदलायची, हे आप्पांच्या वहीत टिपून ठेवलं.

एक चूक इथेही झाली. स्पॅमची तपासणी मी दुकानातल्या यंत्रावरच राहू दिली होती. आता त्या यंत्राला प्रत्येक पत्र टनेलच्या आतल्या पत्त्यावरून आलेलं दिसायचं, त्यामुळे एसपीएफची तपासणी सगळ्यांनाच नापास करू लागली. दोन दिवस चांगली पत्रं स्पॅमच्या फोल्डरात गेली. आप्पा रोज सकाळी तो फोल्डर चाळतात म्हणून लवकर कळलं. तपासणी दारावर हलवली, जिथे खरा पाठवणारा दिसतो.

सोबत एमटीए-एसटीएस ची, म्हणजे आमचं प्रमाणपत्र तपासूनच पत्र द्या असं पाठवणाऱ्यांना सांगणारी, नोंद केली. जे मोठे पाठवणारे ती मानतात ते प्रमाणपत्र जुळलं नाही तर पत्र देतच नाहीत, थांबतात. आता पत्ता स्थिर असल्यामुळे तिची निकड कमी झाली होती, पण त्या रात्रीनंतर मला ती हवीच होती.

एमएक्स बदलण्याआधीच्या रविवारी दुकान बंद असताना आप्पा, मी आणि तो पोरगा असे तिघं बसलो. चाचणीसाठी थोड्या वेळापुरतं एक वेगळं डोमेन लावलं होतं. पोराला सांगितलं, मेन स्विच पाड. यंत्र आणि राउटर दोन्ही गेले. माझ्या फोनवरून दहा पत्रं पाठवली, ती दारावर थांबलेली दिसली. तासाभरानं स्विच वर केला. राउटरनं नवा पत्ता घेतला, यंत्र स्वतःहून उठलं, टनेल जुळला आणि दारावरून पुढच्या प्रयत्नात दहाच्या दहा पत्रं आत आली. आप्पांनी ती मोजली, मग पुन्हा मोजली. ही चाचणी मी २०२२ मध्ये एकदा केली असती तर इंदूरचं पत्र परतलं नसतं.

परिणाम

नवी मांडणी मे २०२४ मध्ये सुरू झाली. त्या पावसाळ्यात एकदा सलग अकरा तास लाईट नव्हती. दारावर ४३ पत्रं साठली आणि लाईट आल्यावर आत आली. पोस्टफिक्स मुळातच पाच दिवस रांग धरून ठेवतो, त्यामुळे घाई नव्हती. एक बदल आप्पांना जाणवला : अशा वेळी त्यांना पत्रं वाचता येत नाहीत. पूर्वीही येत नव्हती, पण आता पत्रं दारावर आलेली आहेत हे माहीत असल्यामुळे हुरहूर जास्त होते. त्यासाठी फोनवर नुसती पाठवणाऱ्यांची नावं दाखवणारी सोय करून दिली.

रोज रात्री पेट्यांची कुलूपबंद प्रत विश्रामबागेत अण्णांच्या घरी जाते. महापुराची आठवण असलेल्या घरात याचं महत्त्व सांगावं लागलं नाही.

पुरता न सुटलेला भाग म्हणजे मी. ही मांडणी मला समजते, आप्पांना अर्धी समजते, बाकी कोणाला नाही. दोन पानी मराठी टिपण लिहून तिजोरीत ठेवलं आहे : डोमेन कुठे, भाड्याचा सर्व्हर कुठे, नूतनीकरणाच्या तारखा, आणि मी नसलो तर काय करायचं. पहिलं वाक्य असं आहे की एमएक्स नोंद कुठल्याही तयार मेल सेवेकडे वळवली तर नवा मेल त्याच दिवशी सुरू होतो. नूतनीकरणाची सूचना आता तीन वेगळ्या पत्त्यांवर जाते, त्यातला एकही या डोमेनवरचा नाही.

पुन्हा करायचं झालं तर

"आपली पत्रं आपल्या दुकानात" याचा मी ताबडतोब घेतलेला अर्थ होता, मेल सर्व्हर दुकानात. अण्णांना हवं होतं ते एवढंच की पत्रांची प्रत आपल्या ताब्यात असावी. एखाद्या साध्या मेल सेवेत पेट्या ठेवून दुकानातल्या यंत्रानं रोज तिथून प्रत उतरवून घेतली असती, तर त्यांची गरज बरीचशी भागली असती आणि बदलत्या पत्त्याचा प्रश्नच आला नसता. हा पर्याय मी २०२२ मध्ये त्यांच्यासमोर ठेवलाच नाही. मला सर्व्हर चालवायची हौस होती आणि ती त्यांच्या गरजेच्या आड आली. २०२४ मध्ये मी तो सांगितला. तोवर यंत्र रुळलं होतं आणि अण्णांना चौथा पर्याय पटला. तरी निवड त्यांनी माहिती असून केली, हा फरक मोठा आहे.

दुसरं, पत्ता बदलल्याचं सांगणारी गोष्ट कधीही त्याच यंत्रात ठेवू नये ज्याच्या बंद पडण्याचीच भीती आहे. आणि बाहेरून बघणारं कोणीतरी हवं : डोमेनच्या पत्त्यावर जाऊन तिथे उत्तर देणारा आपलाच सर्व्हर आहे का, हे दर दहा मिनिटांनी विचारणारी चार ओळींची स्क्रिप्ट माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर चालली असती, तरी त्या रात्री साडेनऊच्या आत मला कळलं असतं. आता ती चालते.

तिसरं, व्यापारी "मेल परत आली" म्हणाला की त्याच्याकडचा परतीचा निरोप आधी मागवावा. आपल्या लॉगमध्ये काही नाही याचा अर्थ काही घडलं नाही असा होत नाही.

२०२५ च्या सुरुवातीला फायबरच्या कंपनीनं दुकानाची लाईन न सांगता सामायिक पत्त्यावर टाकली. जुन्या मांडणीत त्याच क्षणी येणारा मेल कायमचा थांबला असता. मला ते तीन आठवड्यांनी कळलं, दुसऱ्याच कामासाठी राउटर उघडला आणि पत्ता १०० ने सुरू होताना दिसला तेव्हा. त्या तीन आठवड्यांत आप्पांचा एकही फोन आला नव्हता.